अडगळ, चौदा फूट तीन इंच

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या कलाभवनाच्या नव्या चिटणिसांनी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. भवनाचं पुन्हा नूतनीकरण निघालं आहे. कपाटं रिकामी करताना त्यांना मागच्या दुरुस्तीच्या वेळचा नकाशा सापडला. सोबत निरोप होता : "ताई, खाली तुमच्या वडिलांची सही आहे, पण अक्षर मुलीचं वाटतं. तुमचंच काय? फ्रेम करून दारातच लावायचा विचार आहे." मी चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा केला. रंगमंच, बैठक, तिकीट खिडकी, पाण्याची टाकी. आणि वायव्येच्या कोपऱ्यात, चौकोनाच्या बरोब्बर मधोमध, माझ्या सतराव्या वर्षाच्या वळणदार अक्षरात एक शब्द : अडगळ. खाली माप, १४ फूट ३ इंच गुणिले २२ फूट. मी अकोल्याला पंचवीस वर्षं गणित शिकवते आहे, चुकीची मापं माझ्या डोळ्यांना लगेच टोचतात. हे माप चुकलेलं नाही. म्हणूनच त्या निरोपाला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले.

आमचं घर भवनापासून एकशे चाळीस पावलांवर होतं, माझ्या तेव्हाच्या पावलांनी. भवन म्हणजे मूळचं कापसातली सरकी काढायचं जिन. ते बंद पडल्यावर मालकाने ती लांबलचक टिनाची शेड गावाला देऊन टाकली आणि गावाने एका टोकाला चार फूट उंच ओटा बांधून त्याला रंगमंच म्हटलं. जिन बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी वरच्या लाकडांत कापूस अडकून होता. ढोलकी जोरात वाजली की तो सुटायचा आणि बारीक तंतू गाणाऱ्याच्या डोक्यावर, पेटीवर, पहिल्या दोन रांगांवर उतरायचे. बाहेरगावचे लोक वर बघायचे, आम्ही बघत नसू. दुपारी तालीम चालू असली की टिनावर कावळ्यांच्या चालण्याचा आवाज यायचा, आणि कार्यक्रम संपला की तीनशे लोखंडी खुर्च्या एकामागून एक मिटल्याचा. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, मग आई तवा ठेवायची, कारण आता बाबा वीस मिनिटांत घरी येणार हे ठरलेलं असे.

बाबा बांधकामावर ओव्हरसिअर होते आणि भवनाच्या समितीचे चिटणीस. त्यांच्याकडे चामड्याच्या गोल डबीतला शंभर फुटी कापडी टेप होता. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्याचं शून्याचं टोक माझ्या हातात असायचं. ओटा, विहीर, कोणाचं कुंपण, काहीही मोजायचं असलं की ते मलाच हाक मारत. "नंदे, टोक धर." माझं अक्षर चांगलं म्हणून मोजणीची वहीसुद्धा माझ्याकडेच. त्यांचा एकच नियम होता : समोर जे आहे ते लिहायचं, आपल्याला जे वाटतं ते नाही. एकदा मी एका भिंतीची लांबी 'अंदाजे बारा फूट' लिहिली, तर त्यांनी मला उन्हात परत पाठवलं होतं. ती अकरा फूट सात इंच निघाली. मला त्या शिक्षेचा राग आला नाही. उलट वाटलं, जगात इतकं नेमकं असणारा माणूस माझा बाप आहे.

आता त्या वायव्येच्या खोलीबद्दल. रंगमंचाच्या मागे डाव्या हाताला, जिनच्या काळी मुनीम बसायचा ती खोली. पुरुषांची भजनं, नाटुकली, कव्वाली, सगळं पुढे शेडमध्ये व्हायचं. ही खोली बायकांची होती. असं कोणी लिहून दिलेलं नव्हतं, पण किल्ल्या दोनच होत्या, एक चिटणिसाच्या जुडग्यात आणि एक आईच्या कमरेला. भाद्रपदाच्या पौर्णिमेला त्या खोलीच्या कोनाड्यात भुलाबाई आणि भुलोबा मांडले जायचे, मातीचे, रंगवलेले, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गावातल्या बायकापोरी तिथे गाणी म्हणायला जमायच्या. मी मोजायचे. कमीत कमी अठ्ठावीस, जास्तीत जास्त एक्केचाळीस. बाकीचे अकरा महिने खोलीला कुलूप. आत पेटी, टिपऱ्यांची पिशवी, चटया आणि एक पत्र्याची ट्रंक.

ज्यांनी भुलाबाई पाहिली नाही त्यांना सांगते, गाण्यांपेक्षा पोरींचा जीव असायचा खिरापतीत. रोज एकीच्या घरून झाकलेल्या डब्यात खाऊ यायचा. गाणी झाली की डबा कानाशी वाजवायचा आणि बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. नाहीच जमलं तर 'हरलो' म्हणायचं. आईचा डबा पितळेचा होता, कडीचा, आणि तिच्या पाळीला ती मुद्दाम फसवी खिरापत करायची. मुरमुऱ्यांत एकच सुपारी टाकायची, किंवा गूळपापडी डब्याला चिकटवून बसवायची म्हणजे आवाजच येऊ नये. घरात ते गुपित फक्त दोघींना माहीत असायचं. खारका अडकित्त्याने मी कातरायचे, फुटाण्यांची सालं मी काढायचे, आणि खोलीत मी आईच्या बाजूला, ओळखणाऱ्यांच्या समोर बसायचे. पोरी मला चिमटे काढायच्या. "नंदे, सांग नं वं! तिखट हाये का गोड, येवढंच सांग." मी सांगत नसे. आई म्हणायची, "माही पोरगी कुलूप हाये."

ओळखण्यात सगळ्यांत पटाईत होत्या जैतूनखाला. भवनाचे पडदे रंगवणारे, खुर्च्या दुरुस्त करणारे सलीमचाचा, त्यांच्या त्या बायको. त्या गाणी म्हणत नसत, टाळ्या धरत आणि डब्याची वाट बघत. आईचा डबा कानाला लावून डोळे मिटायच्या. "अगे कमल, ये तो आवाजच देत नाही. चिपकून बसली हाये. गूळ हाये याच्यात, गूळ!" मग शांताकाकू, शेजारच्या, ओरडायच्या, "हिले भुलाबाई सपनात येऊन सांगते की काय!" आणि जैतूनखाला म्हणायच्या, "तुले येते का सपनात? मंग तू पैले झोप त घे." गूळपापडीचा पहिला तुकडा त्यांचा.

त्या वर्षी माझी बारावीची परीक्षा झाली होती आणि भवनाच्या नूतनीकरणाची चर्चा घरात रोज होती. त्याला कारण घडलं होतं. हिवाळ्यात अमरावतीहून एक नाटक मंडळी आली, तेव्हा त्यांना तोंड रंगवायला जागाच नव्हती. पुरुषांनी गल्लीत सतरंजी बांधून आडोसा केला आणि मंडळीतल्या बाई आमच्या घरी कपडे बदलायला आल्या. आईने त्यांना चहा दिला, आरसा दिला, आणि त्या गेल्यावर बाबांना म्हणाली, "बाईमानसाले धड उभी राह्याले जागा नाई तुमच्या भवनात. कसलं कलाभवन वो हे?" त्या हिवाळ्यात ती मंडळी पुन्हा आली नाही. ते बाबांना फार लागलं होतं. मुलगी पसंत करायला आलेल्यांनी नकार द्यावा तसा त्यांचा चेहरा कित्येक दिवस होता.

मग एका दुपारी जेवताना आईने विचारलं. ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा होता, हेसुद्धा मला आठवतं, कारण त्या जेवणातला प्रत्येक शब्द मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिला आहे.

"अवो, भवनाचं काम निघून राह्यलं म्हने. आमच्या खोलीचं काय?"

"कोन्त्या खोलीचं?"

"कोन्त्या म्हंजे? भुलाबाईच्या."

बाबांनी भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला. "भुलाबाईच्या खोलीले कोनी हात लावत नाही."

"पक्कं?"

"आता काय स्टँपपेपरवर लेहून देऊ?"

आई हसली, मीही हसले. बाबा खोटं बोलत नसत. त्या दिवशीही ते खोटं बोलले नाहीत. पुढे कागदावर भुलाबाईची खोली नावाची खोलीच उरली नाही, मग तिला हात लावायचा प्रश्न कुठून येणार?

मोजणी वैशाखात झाली. सकाळी सातला आम्ही दोघे टेप घेऊन गेलो, कारण नऊनंतर टिनाखाली उभं राहवत नसे. शेडची लांबी, रुंदी, खांबांमधलं अंतर, ओटा. मी खुर्च्याही मोजल्या, बाबांनी न सांगता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर सलीमचाचांनी पांढऱ्या रंगात नंबर घातलेला होता, एक ते तीनशे. शेडमध्ये दोनशे शहाऐंशी भरल्या. शेवटी आम्ही मागे गेलो. बाबांनी जुडग्यातली किल्ली काढून ती खोली उघडली. आत अंधार होता आणि दारापासून कोनाड्यापर्यंत खुर्च्या आडव्यातिडव्या पडलेल्या होत्या. काहींचे पाय निखळलेले, काही नुसत्या उलट्या. त्यांच्यावर एक फाटका पडदा. चटया, ट्रंक आणि पेटी त्याखाली कुठेतरी होत्या. कोनाडा दिसत नव्हता.

मी टोक धरलं. चौदा फूट तीन इंच. बावीस फूट. मग खुर्च्यांचे नंबर हाती लागले तसे वहीत उतरवले. दोनशे एक्क्याण्णव, तीनशे, दोनशे अठ्ठ्याऐंशी, असे. एकूण चौदा. ही सवय मला त्यांनीच लावली होती. मग नकाशाच्या कच्च्या कागदावर चौकोन काढून विचारलं, "बाबा, या खोलीले काय लेहू?"

ते टेप गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले समोर काय दिसते?"

"मोडक्या खुर्च्या. पडदा."

"मंग अशा सामानाले काय म्हनतात?"

"अडगळ," मी म्हणाले.

"मंग तेच लेह्य."

मी लिहिलं. घरी येऊन पक्क्या कागदावर शाईने लिहिलं, अक्षरं कोरावीत तशी. क्षणभरसुद्धा मला वाटलं नाही की इथे दुसरं नाव हवं. परीक्षेतल्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिल्याचा जो आनंद असतो तो मात्र झाला, हे मी कबूल केलं पाहिजे.

ज्येष्ठात गावाची सभा भरली. नकाशा फळ्याला टाचला होता. आईसोबत अकरा बायका आल्या होत्या, जैतूनखाला आणि शांताकाकू धरून, आणि त्या शेवटच्या रांगेत बसल्या. बाबांनी काठीने दाखवत सगळं समजावलं. मंजुरीसाठी वर लिहून द्यावं लागतं की या कामामुळे जागेचा कोणताही चालू वापर बंद पडत नाही, आणि तसं लिहून देता येतं, कारण मागच्या बाजूला अडगळीची एक खोली आहे. तिथे कलाकारांसाठी मेकअपची खोली होईल, आरसे, दिवे, आणि बायांसाठी वेगळं न्हाणीघर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शांताकाकू उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, आन आमची खोली कुठी हाये याच्यात?"

"नकाशात जे हाये ते हाये," बाबा म्हणाले. "मोजणी झालेली हाये."

"अवो, पन भुलाबाई कुठी बसन?"

पुढून कोणीतरी म्हणालं, "घरी बसवा नं काकू!" आणि हशा झाला.

आई उठली. ती रांगांच्या मधून फळ्यापर्यंत चालत गेली. भर सभेत ती कधी पुढे गेली नव्हती. तिने पदर सावरला आणि नकाशाच्या अगदी जवळ तोंड नेऊन वाचलं. मग ती वळली. बाबांकडे नाही, माझ्याकडे. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते.

"नंदे, हे तू लेहलं?"

"हो."

ती मागे जाऊन बसली नाही. सरळ दाराबाहेर पडली. तिच्यामागे अकरा खुर्च्या मिटल्याचा आवाज आला. अकराच, मी मोजल्या.

त्या दुपारी मी वही उघडली. मनात असं होतं की माझी काही चूक झाली असेल तर ती सापडेल. खोलीतल्या खुर्च्यांचे नंबर मी चढत्या क्रमाने पुन्हा मांडले. दोनशे सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. सरळ तीनशेपर्यंत, मधला एकही नंबर न सुटता. मी तो स्तंभ बराच वेळ बघत राहिले. खुर्च्या मोडतात तेव्हा त्या नंबराने मोडत नाहीत. एक इथली मोडते, एक तिथली. ही शेवटची अख्खी रांग होती, कोणीतरी एका दमात उचलून नेलेली.

मी सलीमचाचांकडे गेले. ते ओट्यावर एका पाटीला अस्तर देत बसले होते. मी विचारलं तर त्यांना नवल वाटलं. "ओव्हरसिअर साहेबांनीच त सांगतलं. बोलले, सलीम, आखरी लाइन उचल, मागच्या कमऱ्यात टाक. चावी बी त्यायनंच देल्ली. मोजणीच्या आदल्या दिवशी, शामको." ब्रश थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून, बेटी? मले वाटलं तुले मालूम असंन."

"मोडक्या होत्या का?"

"चार मोडक्या होत्या. दहा चांगल्या. मी बोललो बी, साहेब, चांगल्याले काहून तठी टाकून राह्यले? त बोलले, राहू दे."

बाबा संध्याकाळी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी वही त्यांच्या समोर धरली. "बाबा, खुर्च्या ओळीनं कशा मोडल्या?"

"म्हंजे?"

"दोनशे सत्त्याऐंशी ते तीनशे. मधातला एकही नंबर सुटला नाही."

त्यांनी तो स्तंभ वरून खालपर्यंत वाचला. आणि मग जे झालं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं. "बराबर पकडलं तू," ते म्हणाले.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. "तुमी ठेवल्या नं त्या?"

"तू लेहलं ते खोटं हाये का? खुर्च्या होत्या का नव्हत्या तठी?"

"होत्या."

"मंग? आयक, नंदे. 'महिलांची खोली' असं लेहलं असतं त फाइल तठीच बसली असती. अकरा महिने कुलूप असते त्या खोलीले. तुही आईच म्हने नं, बाईमानसाले जागा नाही? तीच करून राह्यलो मी."

"मंग आईले सांगाचं होतं."

"तिनं आयकलं असतं?"

"मले सांगाचं होतं."

यावर त्यांनी पेपर मिटला. त्याची घडी घातली, मग अर्धी घडी पुन्हा घातली. "तुले सांगतलं असतं," ते हळूच म्हणाले, "त तू लेहलं नसतं."

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाची आहे, कदाचित दोन-तीन वर्षांनी मोठीच. त्यांना काय हवं होतं ते मला समजतं. गावाला चांगलं नाटक दिसावं, इतकंच. त्यात त्यांचा स्वतःचा दमडीचा फायदा नव्हता. पण ते वाक्य मी कितीही बाजूंनी मोजलं तरी त्याची लांबी कमी होत नाही. ते मला पुरते ओळखत होते, आणि त्या ओळखीचाच त्यांनी वापर केला. मी टेपाची चामड्याची डबी खुंटीवरून काढून त्यांच्या पेपरावर ठेवली. त्यानंतर मी ते टोक धरलं नाही. त्यांनीही 'नंदे, टोक धर' अशी हाक पुन्हा दिली नाही. पुढे ते टोकाला खिळा ठोकून एकटेच मोजत.

आईला मी दुसऱ्याच दिवशी खुर्च्यांचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, खुर्च्यांचे नंबर ऐकले की ती मला जवळ घेईल. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं, चार शेंगा सोलल्या.

"खुर्च्या त्यायनं ठेवल्या," ती म्हणाली. "त्यायचं मी पाहीन. पन अक्षर तुहं हाये. त्या खोलीत तू रांगली, नंदे. तुले ते अडगळ दिसलं?"

समोर जे होतं ते मी लिहिलं होतं. त्याखाली चटया होत्या, पेटी होती, हे मला पुरतं ठाऊक होतं, पण ते दिसत नव्हतं म्हणून मी ते लिहिलं नाही. या अशा चुकीला वर्गात मी आजही शून्य गुण देते. मुलं म्हणतात, बाई, उत्तर तर बरोबर आहे. मी म्हणते, गणित पुन्हा वाचा.

मेकअपची खोली भाद्रपदाच्या आधीच झाली. चार आरसे, प्रत्येकाला सहा दिवे. अमरावतीची तीच मंडळी पुन्हा आली आणि भवन गच्च भरलं. बाबा दारात उभे राहून लोकांना हात धरून आत नेत होते. आईसुद्धा आली, माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली. नाटक खरोखर चांगलं झालं. ढोलकी वाजली तेव्हा वरून कापूस आला नाही, छत नवं होतं.

भुलाबाई त्या वर्षी आमच्या घरी बसली, पुढच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीच्या जागी. पहिल्या दिवशी सतरा जणी आल्या. जैतूनखाला दाराजवळच बसल्या, उठबस करताना घरात इकडेतिकडे बघत. आईने विचारलं तर म्हणाल्या, "भवनात मी आपल्या मनानं यायची, कमल. घरी बुलावा लागते." आईने तीन दिवस ओळीने मला त्यांच्या घरी बोलवायला पाठवलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, गुडघा दुखून राह्यला. त्यानंतर त्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षी बारा जणी होत्या, मग आठ. नंतरचे आकडे मी ठेवले नाहीत, कारण माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले.

चार दिवसांनी चिटणिसांना मी उत्तर पाठवलं ते असं : "अक्षर माझंच आहे. माप बरोबर आहे, नाव चूक आहे. ती बायकांची भुलाबाईची खोली होती. नकाशा लावायचा तर हे खाली लिहून लावा." पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, नमस्काराचे दोन हात आणि 'छान आठवण, ताई'. ते लिहून लावतील असं मला वाटत नाही. मागच्या दिवाळीत मी भवनात डोकावले होते. मेकअपच्या खोलीतले आरसे गेलेले आहेत, नाटक मंडळ्या येत नाहीत, आणि दारापासून भिंतीपर्यंत मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. मोजल्या. एकतीस. त्यांच्यावर नंबर नाहीत. माझा शब्द आता तिथे अगदी बरोबर बसतो.

पण मला सांगायचा होता तो त्या वर्षीचा भुलाबाईचा पाचवा दिवस, आईच्या पाळीचा. सकाळपासून मी वाट पाहत होते की ती मला स्वयंपाकघरात हाक मारील. तिने मारली नाही. दार लोटलेलं होतं. आतून अडकित्त्याचा आवाज येत होता, खारीक कातरली जाते तेव्हा होतो तसा, कट्, आणि मग बी ताटलीत पडल्याचा. नंतर भाजलेल्या फुटाण्यांचा वास आला. संध्याकाळी गाणी झाली आणि आई पितळी डबा घेऊन उठली. मी सवयीने तिच्या बाजूला जाऊन बसले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिकडे बस." मी उठून समोर गेले, पोरींच्या रांगेत, शांताकाकूंच्या शेजारी.

डबा एकेकीच्या कानाशी वाजत आला. कोणी म्हणालं शेंगदाणे, कोणी म्हणालं मुरमुरे. मग तो माझ्या कानाशी आला. आईच्या बांगड्या मला गालाशी लागल्या. वर फुटाणे सळसळत होते आणि खाली खारीक बसक्या आवाजात तळाला लागत होती. त्या खोलीत एवढं नेमकं दुसऱ्या कोणालाच ऐकू आलं नसतं. जैतूनखाला असत्या तर त्यांना आलं असतं.

"ओळख," आई म्हणाली.

बरोबर उत्तर माझ्या जिभेवर होतं. ती थांबली होती, डबा अजून माझ्या कानाशी होता.

"हरले, आई," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला येत होतं हे तिला कळलं होतं. मग तिने कडी काढली, झाकण उघडलं आणि मूठभर खिरापत माझ्या हातावर ठेवली, इतर सगळ्यांच्या हातावर ठेवली तेवढीच.